चौथीची भरती

बुरोंडीच्या पुळणीवर ट्रक मागल्या चाकांनी बसला
तेव्हा अकरा वाजून गेलेले.
चौथ होती. चारची पाऊणपट तीन,
तीनला समुद्र पुरा वर येणार.
हे मला पंचांगात बघायला लागत नाही
आणि बाळगोंडाला सांगून पटत नाही.
इचलकरंजीचा तो. त्याच्याकडे पाणी नळाला येतं,
तेही चार दिवसांनी.

तो नुसता रेस देत होता.
चाक फिरतंय, रेती उडतेय,
आणि कुर्ली ढुंगणाकडून बिळात शिरते
तसा ट्रक खाली खाली.
"बंद कर," म्हटलं. "जेवढा जोर लावशील
तेवढं खोल जाशील."

माझा ट्रॅक्टर बघून हसला.
"एकशेऐंशी घोडे आहेत हिच्यात, मामा.
तुमच्यात किती?"
पस्तीस. त्यातले दोन-चार म्हातारे.
पण घोडे मोजायचे ते आंबा घाटात, बाबा,
पुळणीवर खुरं मोजतात.
छातीएवढा मागला टायर, त्यात भरलेलं पाणी,
आणि पहिला गियर असा
की एक विडी ओढून संपावी
तेव्हा कुठे दहा पावलं व्हावीत.

"आधी म्हावरं उतरव."
"बर्फ वितळेल."
"वितळू दे. नाहीतर तीन वाजता
सगळा बांगडा फुकट घरी जाईल."

जयवंती आणि तिच्या दोघी जावा आल्या.
नव्वद क्रेट, क्रेटमागे दहा रुपये,
ठरवल्याशिवाय एकीनेही चुंबळ ठेवली नाही.
तोवर मी मागल्या चाकांमागची रेती काढली,
ज्या चाकोरीने आला त्याच चाकोरीने मागे,
नवी वाट शोधायची नाही.
टायरातली थोडी हवा सोडली.
बाळगोंडाने तोंड फिरवलं,
त्याचंच रक्त काढत होतो जसं.

दोर खालच्या हिचला.
वर कुठे अडकवला तर ट्रॅक्टर पुढून उठतो
आणि चालवणाऱ्यावरच उलटतो.
हे मी बघितलंय. एवढंच सांगतो.
दोराला गाठ नाही, दोन्ही टोकांना शॅकल,
मधोमध ओली गोणपाटं, दोन.
"ही कशाला?"
मी भागोजीकडे बघितलं.

भागोजी बर्फ विकतो आता.
तीन वर्षांमागे कुणाची तरी लाल जीप,
नायलॉनची दोरी, आणि घाई.
झटका दिला. दोरी तुटली, हूक आला
आणि त्याचा अर्धा जबडा घेऊन गेला.
तेव्हापासून गाडी ओढायची असली
की भागोजी येतो, बोलावलं नसलं तरी,
आणि गर्दीसमोर नुसता उभा राहतो.
लोक आपोआप मागे सरतात.
दोराच्या दीडपट. कधी त्याहून लांब.

"स्टेअरिंग सरळ. रिव्हर्स टाक.
मी हात वर केल्याशिवाय पाय लावू नको."

पहिल्या गियरात, क्लच हळूहळू सोडत.
दोर वाळूवरून उठला, थेंब गाळत ताठ झाला.
थांबलो.
पुढची चाकं जमिनीला धरून आहेत ना,
हे डोळ्यांना नाही, सीटला कळतं.
मग हात वर.

काही झालं नाही.
काही झालं नाही,
समुद्राची एक जीभ येऊन ट्रकच्या पुढल्या टायरला
चाटून गेली,
आणि मग रेतीने एकदम सोडलं,
चिखलातून पाय उपसताना होतो
तसला घाणेरडा आवाज करून.

सुरूच्या झाडांपर्यंत ओढत नेला.
मधे थांबायचं नसतं, आभार मानायलाही.

"किती द्यायचे, मामा?"
"जयवंतीचे आधी दे. नऊशे."
त्याने मोजले. मग माझे.
मग खाली उतरून माझ्या टायराच्या दातांत
बोट घालून बघितलं, किती खोल जातं ते.
मी काही बोललो नाही.

तीनला चहा घेताना बघितलं,
खड्डा होता तिथे सपाट पाणी,
वरून बगळा चालत होता.
फावडं तेवढं राहिलं तिथेच.
आता ओहोटीला बघू.